एका घरात दोन बिऱ्हाडं : संगणकातली दुसरी सिस्टीम आणि व्हायरसचा इतिहास



सुरुवात तुमच्या गावाच्या नावापासूनच करतो. इकडे यायला निघालो तेव्हा गाडीवाल्याला म्हटलं, "पारगावला जायचंय." त्यानं लगेच विचारलं, "सर, कुठल्या पारगावला?" प्रश्न बरोबर होता. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आहे. दौंडकडे एक पारगाव आहे, पुरंदरमध्ये आणखी एक. जुन्या महसुली कारभारात 'तर्फ' म्हणजे गावांचा एक गट. नाव एकच असलं तरी कागद चुकीच्या गावाला जाऊ नये, म्हणून ही 'तर्फे'ची सोय. आज दोन्ही तालुक्यांची मंडळी समोर बसली आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. आजचा विषय एका अर्थी हाच आहे. जागा एक, राहणारे दोन, आणि दारात उभं राहून कोणाला कुठं पाठवायचं हे ठरवणारा कोणीतरी एक.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी, दुकानात, पतपेढीत सात-आठ वर्षांचे जुने कॉम्प्युटर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. यातल्या अनेक यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. मग गावातली पोरं सांगतात, "काका, शेजारी लिनक्स टाकून देतो. दोन्ही चालतील. आणि लिनक्सला व्हायरस लागतच नाही." या वाक्याचा शेवटचा तुकडा मी गेली पंचवीस वर्षं ऐकतो आहे. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, इंजिनिअर नव्हे. पण हा तुकडा तर्काच्या कसोटीवर घासून बघण्यासारखा आहे, आणि त्यासाठी थोडा इतिहास लागतो.

आधी यंत्र समजून घेऊ. जुन्या पद्धतीचा कॉम्प्युटर चालू केला की त्याला स्वतःला काहीच ठाऊक नसतं. विंडोज काय, लिनक्स काय, त्याला दोन्ही नावं अनोळखी. तो फक्त डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात जातो. हा कप्पा ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइट सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या वाटण्या कुठून कुठपर्यंत आहेत याच्या नोंदीसाठी, आणि शेवटचे २ बाइट खुणेचे. अख्ख्या डिस्कचा सातबारा ६४ बाइटमध्ये! त्यात फक्त चार वाटण्या मावतात. या कप्प्यातल्या सूचना सांगतील तिकडे यंत्र जातं. मी या कप्प्याला उंबरठा म्हणतो. दोन सिस्टीम टाकल्या की या उंबरठ्यावर एक छोटा प्रोग्रॅम बसतो. पूर्वी लिलो असायचा, नंतर ग्रब आला. तो विचारतो, "आज कोणाकडे जायचं?"

आता व्हायरसच्या इतिहासाकडे या. पीसीवर जगभर पसरलेला पहिला व्हायरस १९८६चा, नाव 'ब्रेन'. तो लाहोरच्या बासित आणि अमजद या अल्वी बंधूंनी लिहिला आणि त्यात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबरही घातला. तो राहायचा कुठं? फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात. मूळ सूचना उचलून दुसरीकडे ठेवायच्या, ती जागा खराब आहे अशी खूण करायची आणि स्वतः दारात बसायचं. पुढं १९८७मध्ये न्यूझीलंडमधून 'स्टोन्ड' आला, तो हार्ड डिस्कच्या उंबरठ्यावरही बसू लागला. त्याचाच भाऊबंद 'मायकेलएंजेलो' १९९१मध्ये सापडला. दरवर्षी ६ मार्चला, म्हणजे त्या शिल्पकाराच्या वाढदिवशी, तो डिस्कवरची माहिती पुसायचा. १९९२च्या मार्चमध्ये जगभर घबराट झाली. लाखो यंत्रं बंद पडतील असं छापून आलं. प्रत्यक्षात नुकसान त्या मानानं पुष्कळच कमी झालं.

इथं एक गंमत बघा. उंबरठ्यावरचे हे व्हायरस आणि दुसरी सिस्टीम, दोघं एकाच जागेसाठी भांडत होते. त्या काळच्या अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये 'व्हायरस वॉर्निंग' असा पर्याय असे. पहिल्या कप्प्यात कोणी लिहायला लागलं की यंत्र ओरडायचं. तुम्ही प्रामाणिकपणे लिनक्स टाकायला बसलात, लिलो उंबरठ्यावर यायला निघाला, तरी ते तसंच ओरडायचं. राखणदाराच्या दृष्टीनं पाहुणा आणि चोर एकसारखेच, दोघंही दारातली जागा घेतात. उलटही व्हायचं. व्हायरस काढायला 'एफडिस्क' नावाच्या आज्ञेनं पहिला कप्पा नव्यानं लिहायची एक युक्ती होती. तिनं व्हायरस जायचा आणि लिलोही जायचा. लिनक्स आपल्या वाटणीत शाबूत असे, पण तिकडे जायची वाट बंद. आजही लिनक्सनंतर विंडोज नव्यानं टाकलं की लिनक्स दिसेनासं होण्याचा अनुभव येतो. पोरं म्हणतात, "लिनक्स उडालं." उडालेलं नसतं हो, उंबरठ्यावरची पाटी बदललेली असते.

याच सुमारास आपल्या पुण्यात दोन गोष्टी घडत होत्या. १९८८मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१मध्ये तिनं 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. देवनागरी संगणकावर आणण्याचं मोठं कामही तिथं झालं. दुसरी गोष्ट साधी आणि मला अधिक जवळची. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला, १९९५मध्ये तो डॉससाठी बाजारात आला, आणि पुढं तोच 'क्विक हील' झाला. सांगायचं काय, तर व्हायरसवरचा उपाय आपल्याकडे दुरुस्तीच्या दुकानातून वर आला. गिऱ्हाइकाचं बंद यंत्र रोज समोर येत होतं. रोगी समोर असला की वैद्य तयार होतो.

लिनक्सही १९९१चंच. फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानं त्याचा गाभा लिहिला. आपल्याकडे ते पोचलं मासिकांच्या सीडींमधून. 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, ती हातोहात फिरायची. पण विंडोज पूर्ण सोडून लिनक्सवर जाणारा मराठी माणूस विरळाच. कारण काय? छपाईचं मराठी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची फॉन्ट यंत्रणा, सगळं विंडोजवर. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, संस्थेचा वार्षिक अहवाल, सगळं त्याच फॉन्टमध्ये. हिशेब टॅलीत, तेही विंडोजवर. म्हणून आपल्याकडे दोन बिऱ्हाडं आली. छपाई आणि हिशेबाला विंडोज, इंटरनेटला लिनक्स. पुढं युनिकोड आलं, लोहित देवनागरीसारखे मोफत फॉन्ट आले, २००७मध्ये सी-डॅकनं 'बॉस' नावाचं भारतीय भाषांचं लिनक्स काढलं. वाट सोपी झाली, पण जुन्या फाइली जुन्याच घरात राहिल्या.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. २००४ सालची गोष्ट. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर न्यायदर्शनावरच्या व्याख्यानांची टिपणं होती, सुमारे दहा वर्षांची. एक उत्साही विद्यार्थी म्हणाला, "सर, लिनक्स टाकून देतो." सीडी घातली. मध्येच पडद्यावर प्रश्न आला, डिस्क कशी वापरायची? तो चहा घ्यायला आत गेला होता. मी वाचलं, 'संपूर्ण डिस्क वापरा'. मला वाटलं, चांगलंच की, सगळी जागा मिळेल. दाबलं! (हशा) वीस मिनिटांत लिनक्स छान चालू झालं आणि दहा वर्षं गेली. त्यानंतर महिनाभर मी सगळ्यांना सांगत होतो, "व्हायरस आला आणि सगळं गेलं." व्हायरस आला म्हटलं की लोक हळहळतात. स्वतःच पुसलं म्हटलं की हसतात. मला आज वीस वर्षांनी असं वाटतं, की व्हायरसच्या नावावर जमा असलेल्या नुकसानीतला बराच वाटा माझ्यासारख्यांचा असणार. त्या टिपणांची नक्कल मी कुठंही ठेवली नव्हती. दोष ना विद्यार्थ्याचा, ना लिनक्सचा.

आता मूळ वाक्याकडे येऊ. "लिनक्स आहे, म्हणून व्हायरस नाही." न्यायशास्त्रात याला अनुमान म्हणतात आणि अनुमानाला व्याप्ती लागते, म्हणजे दोन गोष्टींचं न चुकणारं साहचर्य. धूर दिसला की अग्नी असतो, ही व्याप्ती खरी. पण उलटं म्हणून बघा, अग्नी आहे म्हणजे धूर आहे. चुलीसमोर बसलेल्या माणसाला हे पटेल. पण लोहाराच्या भट्टीतला लालभडक लोखंडी गोळा बघा. अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का होता? सरपण ओलं होतं म्हणून. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त याला उपाधी म्हटलंय. दोन गोष्टी एकत्र दिसत होत्या त्या तिसऱ्याच गोष्टीमुळे, आणि ती तिसरी गोष्ट आपण मोजलीच नव्हती.

लिनक्स आणि व्हायरसचा अभाव हे साहचर्य आपण पाहिलं, हे खरं. पण त्यात ओलं सरपण कुठलं? मला तीन उपाध्या दिसतात. पहिली, घरगुती वापरात लिनक्सवाले थोडे, म्हणून त्यांच्यासाठी व्हायरस लिहिण्यात फायदा कमी. दुसरी, लिनक्सवर माणूस रोजचं काम साध्या खात्यातून करतो, मालकाचे सगळे अधिकार घेऊन नव्हे. जुन्या घरगुती विंडोजवर पुष्कळदा जो बसला तो मालक. तिसरी, लिनक्सवर प्रोग्रॅम बहुधा ठरलेल्या भांडारातून घेतात. विंडोजवर आपण काय करतो? बाजारातून चोरीची प्रत, तिला चालू करणारा 'ॲक्टिव्हेटर', आणि तो टाकताना सूचना असते, "आधी अँटिव्हायरस बंद करा." चोराला घरात घेण्यापूर्वी कुत्रं बांधून ठेवायचं, असला हा प्रकार.

या तीन उपाध्या काढून टाकल्या तर काय होतं, याचे दाखले इतिहासात आहेत. लिनक्स यायच्या आधी, २ नोव्हेंबर १९८८ला, 'मॉरिस वर्म' पसरला. तो विंडोजवर नव्हे, युनिक्सच्या यंत्रांवर, म्हणजे लिनक्सच्या थोरल्या घराण्यात. लिनक्ससाठीचा 'स्टाओग' व्हायरस १९९६चा, 'ब्लिस' १९९७चा. ते पसरले नाहीत, पण लिहिता येतात हे सिद्ध झालं. २००१मध्ये 'विनक्स' आला. तो विंडोज आणि लिनक्स दोन्हींच्या प्रोग्रॅम-फाइलींना लागू शकत होता. नुकसान नगण्य, पण दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीला दार असू शकतं हे त्यानं दाखवलं.

आणि लोहाराचा गोळा म्हणजे २०१६चा 'मिराई'. इंटरनेटला जोडलेले सीसीटीव्ही कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर यांच्या आत बहुतेक वेळा लिनक्सच असतं. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललेला नव्हता. मिराईनं अशी लाखो यंत्रं ताब्यात घेतली आणि २१ ऑक्टोबर २०१६ला त्यांच्याकडून एका मोठ्या कंपनीवर हल्ला करवून अमेरिकेत अनेक नावाजलेली संकेतस्थळं काही तास बंद पाडली. लिनक्स होतंच, पण संख्या मोठी होती आणि मालकाची चावी दारातच लटकत होती. चौकात, दुकानात, गोठ्यावर कॅमेरे बसवलेल्यांनी हे ध्यानात ठेवा.

आता खास दुहेरी व्यवस्थेचा धोका. विंडोजचा नेहमीचा व्हायरस लिनक्समध्ये चालत नाही, हे खरं. पण तो लिनक्सच्या वाटणीचं काही बिघडवू शकत नाही, हे खोटं. २६ एप्रिल १९९९ला 'सीआयएच' नावाचा व्हायरस जागा झाला. तैवानच्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेला, विंडोज ९५-९८वर चालणारा. चेर्नोबिलच्या दिवशीच जागा होत असल्यामुळे लोक त्याला त्याच नावानं ओळखत. तो काय करायचा, तर डिस्कच्या सुरुवातीचा सुमारे एक मेगाबाइट भाग शून्यांनी भरून टाकायचा आणि जमलं तर बायोसही पुसायचा. सुरुवातीच्या भागात काय असतं? आपला सातबारा! मग लिनक्सची वाटणी कितीही सुरक्षित असली तरी ती कुठून सुरू होते हे सांगणारी नोंदच गेली. बिऱ्हाडं दोन, पाया एक.

हे जुनं झालं असं समजू नका. २७ जून २०१७ला 'नॉटपेट्या' जगभर पसरला. त्यानंही उंबरठाच ताब्यात घेतला, पहिला कप्पा आपल्या मजकुरानं भरला आणि फाइलींची अनुक्रमणिका कुलूपबंद केली. न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्यामुळे विस्कळीत झालं. आपल्याकडचा निर्यातीचा माल ज्या बंदरातून बोटीवर चढतो, तेच बंदर.

आणखी एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दुहेरी व्यवस्थेत एका वेळी एकच सिस्टीम जागी असते, दुसरी झोपलेली. फाइल कोणी उघडायची याचे नियम जागी सिस्टीम राबवते. झोपलेल्याचे नियम कोण राबवणार? लिनक्समध्ये बसून मालकाच्या अधिकारानं विंडोजच्या फाइली सर्रास वाचता येतात, पासवर्ड न विचारता. डिस्कच सांकेतिक भाषेत कुलूपबंद केलेली असेल तर गोष्ट वेगळी. लिनक्सच्या वाटणीत पडलेली किंवा पेन ड्राइव्हवर उतरवलेली विंडोजची रोगट फाइल लिनक्सला काही करत नाही, पण तीच पुढं शेजाऱ्याच्या विंडोजमध्ये जाते. आपल्याला ताप नाही, पण साथ आपल्यामार्फत पसरते.

या दुखण्यावर उपाय म्हणून उंबरठाच बदलला. नव्या यंत्रांत बायोसच्या जागी यूईएफआय आलं आणि २०१२पासून, विंडोज ८च्या काळात, 'सिक्युअर बूट' रूढ झालं. म्हणजे दारात जो येईल त्याच्याकडे मान्यताप्राप्त सही हवी. चांगली कल्पना. पण सही कोणाची चालणार? व्यवहारात मायक्रोसॉफ्टची. लिनक्सवाल्यांनाही तीच घ्यावी लागली. २०२०मध्ये खुद्द ग्रबमध्ये 'बूटहोल' नावाचं भगदाड सापडलं. म्हणजे सही खरी, पण सही असलेला माणूसच फितवता येण्यासारखा. अशा जुन्या सह्या रद्द कराव्या लागतात. १३ ऑगस्ट २०२४च्या विंडोजच्या अपडेटनं तेच केलं. दोन सिस्टीम असलेल्या यंत्रांना ते लागू होणार नाही असं ठरलं होतं, पण यंत्राला प्रत्येक वेळी दुसरं बिऱ्हाड ओळखता आलं नाही. अनेकांचं लिनक्स सकाळी उघडेना. चोरासाठी कुलूप बदललं आणि घरातलाच माणूस बाहेर राहिला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बायोस लिलोवर ओरडत होता, ते आठवा. प्रश्न तोच आहे. दारात उभ्या असलेल्याला पाहुणा कोण आणि चोर कोण हे कळणार कसं, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे?

मग दुसरी सिस्टीम टाकायची की नाही? टाका. आपल्याच परिसरात, खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून उभी राहिलेली. तिच्या तबकड्यांकडून येणारे संकेत जुळवण्यासाठी लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांचा समूह वापरला गेला आहे. शास्त्रीय कामात लिनक्स रुजलं ते व्हायरसच्या भीतीनं नव्हे, तर आत काय चाललंय ते बघता येतं आणि हवं तसं वळवता येतं म्हणून. तुम्हीही त्यासाठी घ्या. ताईत म्हणून बांधू नका.

व्यवहाराचं थोडक्यात सांगतो. टाकण्यापूर्वी सगळ्या फाइलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा, जोडलेली नको. 'संपूर्ण डिस्क वापरा' दिसलं की हात मागे घ्या. (हशा) आधी विंडोज, मग लिनक्स, हा क्रम पाळा. पहिले काही दिवस पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघा, डिस्कला हात न लावता. जुनं विंडोज १० श्रीलिपी किंवा टॅलीसाठी ठेवायचंच असेल तर तिथं इंटरनेट बंद ठेवा आणि बँकेचं काम अपडेट मिळणाऱ्या सिस्टीममधून करा. पतपेढीच्या यंत्रावर मात्र असले प्रयोग करू नका, तिथं लोकांचे पैसे आहेत.

शेवटचं. तुम्हाला वाटत असेल, हे सगळं कॉम्प्युटरवाल्यांसाठी झालं. खिशातला फोन काढा. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे. या सभागृहात जवळजवळ प्रत्येक जण लिनक्स खिशात घेऊन बसला आहे! आणि व्हॉट्सॲपवर "गाडीचा दंड भरा", "योजनेचा हप्ता जमा झाला" असं म्हणत एपीके फाइल येते. फोन इशारा देतो, तरी आपण 'परवानगी द्या' दाबतो आणि खात्यातले पैसे जातात. तिथं ना लिनक्स उपयोगी पडलं ना सिक्युअर बूट, कारण दार आपणच उघडलं. सिस्टीम दोन असोत की चार, उंबरठ्यावर शेवटी माणूसच बसलेला असतो. माझी दहा वर्षांची टिपणं माझ्याच एका बोटानं पुसली. तुमची कष्टाची कमाई तशी जाऊ नये, एवढ्यासाठीच हा सगळा इतिहास सांगितला.